बिनकडीचं लाकडी घर

अन्याय झाला तो एका पाच वर्षांच्या मुलीवर. दिवाळीची सुट्टी संपून शेंद्र्याचे कारखाने पुन्हा सुरू झाले त्या सोमवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. घड्याळ मी स्वतः बघितलं होतं. पत्रकं लिहिणाऱ्याला ती सवय लागते. कोणावर झाला, कुठं झाला, किती वाजता झाला हे आधी लिहायचं, आणि मग ज्यानं केला त्याच्यावर तुटून पडायचं. कॉलेजपासून मी हेच करत आलेय. या वेळी कोणी केला ते लिहायला बसले की त्या यादीत मीही येते. म्हणून हे पत्रकात मावलं नाही.

त्या मुलीची आणि माझी ओळख बंद दारातून झाली. आमचा चार-पाच जणांचा गट आहे. कामाचे तास, ओव्हरटाइम, पाळणाघर असल्या विषयांवर पत्रकं काढायची आणि कामगारांच्या खोल्यांवर जाऊन वाटायची, हे आमचं काम. शेंद्र्याच्या कारखान्यांमागं जुन्या शेतांत भाड्याच्या खोल्यांच्या ओळी उठल्या आहेत. एक खोली, वर पत्रा, दारात मोरी. उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी मी तिथं दारांखालून पत्रकं सरकवत चालले होते. एका दाराला बाहेरून कुलूप होतं. तरी सरकवलं. ते परत बाहेर आलं.

पुन्हा आत सरकवलं. पुन्हा बाहेर.

"आई कंपनीत गेली," आतून आवाज आला. "आमाला नको."

"एकटीच आहेस का आत?"

"टीव्ही हाय."

"मग बघ की टीव्ही."

"लाइट नाय ना पण!"

हे ती इतकी वैतागून म्हणाली की मला हसू आलं. मग दाराला हात लावला तर चटका बसला. लाइट नाही म्हणजे पंखाही नाही, हे डोक्यात शिरायला तेवढा वेळ लागला.

आई पहिली शिफ्ट करून चार वाजता आली. पॅकिंगला होती. मुलीचा बाप ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. मी भाषण तयार ठेवलं होतं: लेकराला कोंडून ठेवणं कसं वाईट, वगैरे. तिनं मला दोन वाक्यंसुद्धा पुरी करू दिली नाहीत.

"बाहेर ठेवू? समोर कंटेनर वळायलेत, दिसतेत ना तुम्हाला? अंगणवाडी सुटती साडेबाराला, मी सुटते साडेतीनला. शेजारणीच्या खोलीत तिचीच तीन हायेत. माझी चौथी कुठं ठिवायची, पत्र्यावर? का तुमच्या ह्या कागदात गुंडाळू?"

मी पत्रकं पिशवीत टाकली. पाणी मात्र तिनं दिलं.

उपायही तिनंच सांगितला. ओळीतल्या बायका दोन शिफ्टमध्ये वाटलेल्या. पहिलीवाल्या कामावर असताना दुसरीवाल्या घरी. एकमेकींची मुलं बघायला कोणाची ना नव्हती. पण खोलीत ती मावत नाहीत आणि बाहेर ऊन, ट्रक. "एक सावली पाहिजे बघा," ती म्हणाली. "लेकरं एका जागी ऱ्हातील अशी. मग मी कशाला कुलूप लावू? मला काय हौस हाय?"

ओळीसमोर, रस्त्याच्या अलीकडं, वेड्या बाभळींनी भरलेला जमिनीचा एक तुकडा होता. पलीकडच्या बंगल्यांच्या लेआउटमधला. नकाशात तो खुली जागा म्हणून दाखवलेला. खुली म्हणजे सगळ्यांची, असं मी धरून चालले. कोणाला विचारलं नाही.

घर बांधलं सुतारमामांनी. मी त्यांना मामा म्हणायची, ते मला ताई, जरी त्यांची धाकटी लेक माझ्याहून मोठी होती. साठी ओलांडलेले. जातीनं सुतार नव्हते. आई-बाप मेंढरांमागं फिरले, हे स्वतःही पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत फिरले, मग पॅलेटच्या वखारीत चिकटले. पॅलेट म्हणजे कारखान्यात माल ज्यावर ठेवतात त्या लाकडी चौकटी. मोडलेल्या पॅलेट दुरुस्त करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. वखारीतली माणसं त्यांना "मेंढरंवाला मिस्त्री" म्हणायची. ते म्हणायचे, "व्हय. लाकूड मेंढरापेक्षा बरं. जिथं ठिवलं तिथं ऱ्हातं."

लाकूड वखारीतलंच, बाद झालेलं. मला वाटलं, टेम्पो भरायचा आणि निघायचं. मामा एकेक फळी उलटून तिच्यावरचा शिक्का बघत बसले. उष्णता देऊन कीड मारलेली असेल तर ती चालेल, औषधाचा धूर देऊन मारलेली असेल तर नको.

"मामा, फळीच आहे. खाणार आहे का कोणी?"

"खाणार," ते म्हणाले. "तुम्ही लहानपणी खिडकी चाटली नाय व्हय? सगळी लेकरं चाटतेत."

दीड दिवस शिक्के बघण्यात गेला. मी मनातल्या मनात चडफडत होते.

आराखडा त्यांनी कागदावर काढला नाही. रविवारी सगळी मुलं बोलावली आणि जमिनीवर काठीनं रेघा मारल्या. "उभं ऱ्हा. आता बस. आता झोपून दाखव." मुलं धुळीत आडवी झाली. त्यावरून घराची लांबी ठरली. ती मुलगी हात-पाय पसरून अशी झोपली की तिघांची जागा तिलाच लागली.

"ए राणीसाहेब, येवढं?" मामा म्हणाले.

"मी झोपंत फिरते."

"मग फिर बाई. तुझ्यासाठी एक फळी जादा."

खिडकी किती उंच हे खोल्यांपुढच्या ओट्यावरून ठरलं. मामा स्वतः ओट्यावर जाऊन बसले, मुलांना रेघांच्या आत बसवलं, आणि इथून प्रत्येकाचं डोकं दिसलं पाहिजे असं बघून हातानं उंची धरली. जमिनीच्या दोन फळ्यांमध्ये फट ठेवायची, पाणी निघून जायला, पण करंगळी शिरणार नाही एवढी बारीक. छपराला फळ्या एकावर एक चढवलेल्या, उतार मागच्या बाजूला, म्हणजे पावसात पुढं चिखल होणार नाही. दाराची चौकट एवढी बुटकी की मोठ्या माणसाला वाकूनच जावं लागेल. "मोठ्यांनी जरा वाकलेलं बरं असतं," असं म्हणत त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मग त्यांनी मुलांना विचारलं, दाराला कडी कशी पाहिजे.

"बाहेरून नको," ती मुलगी म्हणाली.

"बरं. आतून लावू."

"आतून पण नको."

"मग वाऱ्यानं दार आपटंल की गं."

तिनं थोडा विचार केला. "मग दारच नको लावू."

मामांनी मान डोलावली आणि दाराच्या रेघेवरून पाय फिरवून ती पुसून टाकली. तिची आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

इथपर्यंत सगळं मामांचं होतं. माझं इथून सुरू होतं.

मामांना घर दगडांवर ठेवायचं होतं. चार कोपऱ्यांना चार चपटे दगड, त्यावर खांब, बस्स. मातीत लाकूड पुरलं की उधई लागते. आणि सगळं बोल्टांवर: भिंती सुट्या, छप्पर सुटं, एका पान्यानं खोलता येईल असं. त्यांच्या बोलण्यात मुक्काम हा शब्द सारखा यायचा. मेंढरं एका शेतात बसवायची, खत झालं की वाघर गुंडाळायची, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, आणि पुढच्या शेतात. "आमच्या आईचं सगळं घर घोड्यावर बसायचं, ताई. जे उचलता येत नाय ते आम्ही करतच नव्हतो."

मला त्याचा राग आला. खरंच आला. मी आजवर जी पत्रकं लिहिली, त्या सगळ्यांत एकच मागणी होती: कायमचं द्या. कायम नोकरी, कायमचं छप्पर, पक्की जागा. या लोकांनी किती दिवस उचलता येईल असंच जगायचं? मी मामांना हे सगळं ऐकवलं, भर उन्हात, हातवारे करून. वर व्यवहाराचंही बोलले: हापशाचे नट चोरीला जातात, याचे नाही जाणार? खांब सिमेंटमध्ये बसवा. आणि बोल्टांची पुढं आलेली टोकं ठोकून चेपून टाका, म्हणजे नट कोणाच्या बापाला फिरणार नाही.

"आपल्यालाबी नाय फिरणार," मामा म्हणाले.

"आपल्याला कशाला फिरवायचाय?"

त्यांनी डोकं खाजवलं. "सिमेंट घालतो. खांबाला खालून डांबर लावतो, टिकंल. पण बोल्ट मी चेपणार नाय. तुम्हाला चेपायचा तर तुम्ही चेपा."

मी चेपले. मागून त्यांनी जड लोखंड धरलं आणि मी हातोडी मारत गेले. शिकलेली मुलगी सांगतेय म्हणजे काहीतरी असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी धरायला नको होतं, असं मी आता कधीकधी म्हणते. मग मला माझीच लाज वाटते.

जवसाच्या तेलाचे दोन हात मारले. उन्हात ते लाकूड मधासारखं दिसायचं. मी खूश होऊन पत्रक लिहिलं, फोटोसकट, आणि ते पलीकडच्या बंगल्यांमध्येही वाटलं. शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत होतं: "हे घर आता कोणीही हलवू शकणार नाही!"

उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीपर्यंतचे दिवस. तेवढे मिळाले. ओळीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या. रोज दुपारी ओट्यावर एक जण बसलेली असायची, लसूण सोलत नाहीतर फोनवर बोलत, आणि खिडकीत डोकी. पावसात घर गळलं नाही. मामा दर रविवारी येऊन फळ्यांवरून तळहात फिरवायचे, कुसळ लागलं की पॉलिश पेपरनं घासायचे. ती मुलगी आत कंपनी चालवायची. बाकीच्यांना पॅकिंगला बसवायची, पानांचे पुडे बांधून घ्यायची आणि ओरडायची, "ए, गप्पा नाय! लाइन थांबली!" तिची आई हे ऐकून पोट धरून हसली. "माझा सुपरवायझर असाच बोंबलतो," म्हणाली. त्या दिवसांत तिच्या खोलीचं कुलूप खिळ्याला टांगलेलं असायचं. मी ते मुद्दाम बघायची.

तक्रार बंगल्यांमधून गेली. खुल्या जागेवर अतिक्रमण, पुढं झोपड्या पडतील, असा अर्ज. सह्या करणाऱ्यांत एक निवृत्त गृहस्थ होते, मुलांना खाऊ देणारे. नंतर त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाळ, घराचं काही नव्हतं गं. पण तुमच्या पत्रकात ते 'कोणीही हलवू शकणार नाही' वाचलं आणि लोक म्हणाले, हे तर ताबा मारायला निघाले."

अर्ज माझ्या पत्रकामुळं गेला. तरी सही त्यांची होती. एका लाकडी घराला भिऊन मोठी माणसं सह्या करत फिरली, हे मी विसरणार नाही.

त्या सोमवारी अतिक्रमण हटवणारं पथक आलं ते दहाच्या सुमारास. त्या तुकड्यावर तोवर इतरही गोष्टी आल्या होत्या: एक इस्त्रीची गाडी, एका पानवाल्याची पत्र्याची टपरी, कोणाचा तरी बकऱ्यांचा मांडव. अधिकारी तरुण होता, घाम पुसत होता. सगळ्यांना ओरडून सांगितलं, उचलता येतं ते अर्ध्या तासात उचला, राहील ते पाडणार. इस्त्रीवाला गाडी ढकलत गेला. टपरी चौघांनी उचलली. मांडवाचे बांबू दोन मिनिटांत निघाले. मी त्याच्यापुढं उभी राहून कायदा बोलत होते.

"बाई, भांडू नका," तो म्हणाला. "लाकडाचं दिसायलंय. खोला आणि घेऊन जा की. मी कुठं नाय म्हणतो?"

मामांना फोन करून वखारीतून बोलावलं होतं. ते पाने घेऊन आले, धापा टाकत. पहिल्या बोल्टाला पाना लावला. नट अर्धा आटा फिरला आणि चेपलेल्या टोकाला जाऊन अडकला. दुसरा तसाच. मामांनी पिशवीतून लोखंड कापायची करवत काढली आणि बोल्ट कापायला बसले. अंगणवाडीला अजून सुट्टी होती, ती मुलगी आतच होती, तिला बाहेर काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. तिनं खिडकीतून मामांना विचारलं, "आबा, कामून मोडायलाव?"

"मोडत नाय बाळा. खोलायलोय."

"मग लवकर खोला ना."

तीन बोल्ट कापून झाले तेव्हा अधिकाऱ्यानं घड्याळ दाखवलं. मी अजून अर्धा तास मागितला. त्याच्या हातात अर्जाची फाइल होती. त्यात टाचलेलं माझं पत्रक त्यानं उघडून दाखवलं. "त्यात सिमेंटचा पाया. पक्कं बांधकाम झालं हे. तुम्हीच लिहून दिलंय, बाई." टोमणाही नव्हता त्याच्या आवाजात. तीन बोल्ट कापलेत, उरलेलेही कापा, एवढं म्हणायला त्याला काय लागणार होतं? दुसरीकडं जायचं होतं त्याला. तेवढ्यासाठी थांबला नाही.

दहा चाळीसला जेसीबीनं छपरावर पंजा ठेवला. मुलीला शेजारणीनं ओढून बाहेर काढलं. घर इतकं मजबूत होतं की लवकर मोडेना. आधी करकरलं, मग एका बाजूला झुकलं, तरी खांब सिमेंट सोडेनात. ड्रायव्हरला तीनदा मागं-पुढं करावं लागलं. दगडांवर असतं तर अख्खं बाजूला सरकलं असतं. मामा पाना धरून उभे होते. मुलगी रडली नाही. तिनं शेजारणीला विचारलं, "आज आई लवकर येणार का?"

आई नेहमीच्याच वेळी आली, चारला. बायकांनी तोवर फळ्यांचे तुकडे चुलीसाठी गोळा केले होते. काय करणार, पडून सडले असते. तेल प्यायलेलं लाकूड चटकन पेटतं. त्यावर चहा झाला, माझ्याही हातात कप दिला गेला, आणि मी तो प्यायले.

आईनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बोल्टांचंही. मग म्हणाली, "मामा म्हणत होते ते ऐकायचं होतं ना ताई. आम्हाला कुठं कायमचं पाहिजे होतं? लेकरू साळंत जाईपर्यंत पाहिजे होतं. अजून एक साल."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप पुन्हा दाराला होतं. मी अर्ज केले, फेऱ्या मारल्या, उत्तर आलं नाही. थंडीचे दिवस तिनं तसेच काढले. एकदा दुपारी मी दारात बसून आत बोलत राहिले, पण मुलगी फार बोलली नाही. मग आईनं लेकीला आजोळी, कन्नडच्या पुढं, आपल्या आईकडं नेऊन सोडलं. आधी रोज फोनवर रडारड. परवा भेटले तेव्हा आई म्हणाली, "आता रडत नाय. बोलव म्हणलं तर फोनवर येतबी नाय. माझी आई म्हणती, खेळायलीय." हे सांगताना ती हसायचा प्रयत्न करत होती. लेक रडत नाही, हे चांगलंच आहे ना, असं तिनं मला दोनदा विचारलं.

मामांच्या वखारीत लाकूड बाजूला काढून ठेवलंय. शिक्के बघून. त्यांनी पुन्हा बांधायची तयारी दाखवली, मी विचारायच्या आधी. दगडांवर, सुट्या बोल्टांवर, अर्ध्या तासात खोलता येईल असं. "जागा दाखवा," एवढंच म्हणतात. मुलीच्या आईलाही विचारलं. जागा झाली तर लेकीला उद्या घेऊन येते म्हणाली.

ज्या बंगल्यांमधून अर्ज गेला, तिथं एक बाग आहे. झोपाळे आहेत, हिरवळ आहे, कडेला कडुलिंबाची दाट सावली आहे. सकाळी दहाला तिचं फाटक बंद होतं, ते पाचला उघडतं. मधले सात तास तिथं कोणीही नसतं. हिरवळीवरचं पाणी मात्र चालू असतं.

तुम्ही हे वाचताय. तुमच्याही कॉलनीत अशी बाग असेल. कारखान्यांजवळ, कामगारांच्या खोल्यांजवळ, बांधकामाच्या साइटजवळ. तुमचं मन हललं असेल तर मला ते कळवू नका, त्याचा मला उपयोग नाही. त्या बागेची चावी कोणाकडं असते ते आज विचारा, कमिटीच्या बैठकीत हात वर करा आणि दुपारचं फाटक उघडायला लावा. सावलीतला एक कोपरा द्या, आठ फूट बाय सहा फूट. घर आम्ही आणतो. नको झालं तर पाना आमच्याकडं आहे. यात तुमचं काही जात असेल तर काय जातं ते मला समोर येऊन सांगा, आणि नसेल जात तर उद्या दहा वाजता ते फाटक लावू नका.